दरड सुटते ती माती निसरडी झाली म्हणून नव्हे

दरडीखाली गेलेल्या वस्त्या: माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). दर खेपेला तीच दोन कारणं मोबाइलवर फिरतात: ढगफुटी झाली, किंवा माती भिजून निसरडी झाली आणि घसरली. तासाभरात १०० मिलिमीटर पडला तर ती ढगफुटी. डोंगरउताराला मात्र दोन-तीन दिवसांची संततधारही पुरते. आणि पाणी हे काही वंगण नव्हे. मुरमाचे ओले खडे एकमेकांवर घासून बघा, कोरड्यांइतकेच अडतात. तिसरं कारण डोंगराच्या कोपाचं. तो कोप बरोबर आषाढ-श्रावणातच का होतो, हे सांगणारा अजून भेटायचा आहे.

खरी गोष्ट दिवाळीच्या किल्ल्यात दिसते. कोरडी माती ओतली की ढीग तीसेक अंशांवर बसतो. तीच ओलसर केली की उभा बुरूज राहतो, कारण कणांमधले पाण्याचे पातळ पडदे पृष्ठताणाने कणांना जवळ ओढतात. तांब्याभर पाणी जास्त झालं की बुरूज बसलाच. पोकळ्या पूर्ण भरल्या, पडदे गेले, आणि आतापर्यंत कणांना ओढणारं पाणी त्यांना आतून ढकलू लागलं.

या ढकलण्याचं गणित अभियंते कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलं. मातीचे कण एकमेकांना जितके दाबतात तितकंच घर्षण मिळतं. आणि हा दाब म्हणजे वरचा भार वजा पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब. तीन मीटर जाडीची भिजलेली माती घ्या. सोयीसाठी जमीन सपाट धरली, तर एका चौरस मीटरवर भार साधारण ५.७ टन. पाणी पृष्ठभागापर्यंत चढलं असेल तर त्याचा दाब ३ टन. उरले २.७. उतारावरही प्रमाण हेच राहतं: खाली खेचणारं वजन पूर्ण, धरून ठेवणारं घर्षण मात्र निम्म्याहून कमी. म्हणजे कोरडा असताना ३२ अंशांवर टिकणारा उतार पाण्याने गच्च भरल्यावर १७ अंशांवरच सुटायला हवा. प्रत्यक्षात तो बरेचदा टिकतो तो मुळांच्या आणि चिकण मातीच्या पकडीमुळे. त्यावरून ‘वाळा लावा, दरड थांबवा’ छापाचे व्हिडिओ निघतात. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर जातात आणि वरची धूप छान थांबवतात. पाच मीटर खाली सरकणाऱ्या थराला त्यांचा पत्ताही नसतो.

सह्याद्रीत हे पाणी कुठे तुंबतं? वर तांबडी माती, तिच्याखाली मुरूम, आणि त्याखाली काळा कातळ. मुरमातून उतरलेलं पाणी कातळावर अडतं आणि उताराच्या दिशेने सरकत जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर येतं. वाडी वसते ती झरा पाहूनच. पण झरा म्हणजे डोंगराचा दाब सोडणारं भोकही असतं. घरासाठी उतार कापून निघालेली माती खालच्या अंगाला लोटताना हे भोक बुजतं, आणि वर्षानुवर्षं शांत असलेला उतार त्याच पावसाळ्यात फुगतो.

घरामागच्या कापलेल्या दरडीला भिंत बांधतात, तिथेही तोच घोळ. तीन मीटर उंच भिंतीमागे निचरा असेल तर मातीचा रेटा दर धावत्या मीटरला अडीच टनांच्या आसपास. पाणी काठोकाठ साचलं की साडेपाच टनांच्या वर. म्हणून भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप दीड-दोन मीटरवर, तोंड बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवून घालावेत. पाठीमागे फूटभर जाडीची खडी, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. ते वगळलं की बारीक माती एक-दोन पावसाळ्यांत खडी बुजवते. दुसरी हमखास चूक म्हणजे गिलावा करताना पाइपांची तोंडं लिंपणं. मुसळधार पावसात एकाही पाइपातून थेंब पडत नसेल, तर भिंत मजबूत आहे म्हणून खूश होऊ नये.

कापाच्या वर दोन-तीन मीटर मागे पाणी वळवणारा चर हवा, पण तळ आणि बाजू पक्क्या केलेला, उतार देऊन ओढ्यापर्यंत नेलेला. पाणलोटाच्या कामातले समतल चर पाणी जिरवायला असतात. माळावर ते उत्तम, पण वस्तीच्या डोक्यावरच्या चढणीवर ते मुरमात पाणीच भरतात. शोषखड्डाही घराच्या वरच्या अंगाला नको.

वरच्या उतारावर धनुष्याकृती भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकावी आणि दर आठवड्याला, पावसाळ्यात रोज, टेपने अंतर मोजावं. भेगेत पाणी शिरू नये म्हणून चिकण माती ठोकून भरावी, वर प्लॅस्टिक अंथरावं. अंतर वाढत राहिलं, दारं चौकटीत अडकू लागली, विजेचा खांब कलला, तर त्या घरात रात्री झोपू नये. आणि भर पावसात झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळलं किंवा झरा अचानक आटला, तर खुंट्या मोजायला वर जाऊ नये. दिवस असो की रात्र, माणसं आणि गुरं घेऊन उतारावरून बाजूला निघावं, ओढ्याच्या पात्राने खाली नाही.