मोठ्या थेंबात दाब जास्त? नाही, उलट

"थेंब किंवा बुडबुडा जितका मोठा, तितका आतला दाब जास्त." फुगवलेलं टायर पाहणाऱ्याला हे पटणारच. पण थेंबाला आवळतो तो पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, आणि थेंब लहान तितकी त्याची पकड घट्ट. हिशेब सोपा: दुप्पट पृष्ठताण भागिले त्रिज्या. हवेतल्या १ मिमी व्यासाच्या पाण्याच्या थेंबात बाहेरपेक्षा सुमारे २९० पास्कल जादा दाब. ५० मायक्रॉन (०.०५ मिमी) व्यासाच्या थेंबात ५,८०० च्या आसपास.

पडताळायचंय? नळीच्या दोन टोकांना साबणाचे लहानमोठे बुडबुडे धरा, मधली वाट उघडा. लहानगा आक्रसत जातो, मोठा आणखी फुगतो. (रबरी फुगे नकोत, त्यांचं गणित निराळं.)

केसाएवढ्या वाहिन्यांतून वाहत्या तेलात पाण्याचे थेंब पाडणाऱ्या चिपमध्ये मात्र दाब वाट अडल्यानेही बदलतो: तयार होणारा थेंब तेलाची वाट अडवतो तेव्हा मागच्या तेलाचा दाब चढतो, थेंब तुटला की उतरतो.