भुंगेऱ्याची ओळख पोटात असते

‘पश्चिम घाटात भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी आली की तिच्याखाली एक प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘असले आमच्या गोठ्यातल्या बल्बखाली ढिगानं पडत्यात, ह्यात नवीन काय, भावा?’ प्रश्न खोडसाळ असला तरी रास्त आहे. भुंगेरा नवीन नसतोच. राधानगरी-दाजीपूरच्या रानात तो आपल्या कितीतरी आधीपासून नांदत असतो. आजवर नाव मिळालेल्या कुठल्याच प्रजातीत तो बसत नाही, हे कुणीतरी पुराव्यानिशी छापून दाखवलं, एवढंच नवीन. पण हा पुरावा भुंगेऱ्याच्या नेमक्या कुठल्या भागात असतो, ते बातमीत कधीच येत नाही. संकोच वाटत असावा.

कोल्हापुरातल्या ऊसवाल्याला हुमणी वेगळी सांगायला नको. उसाची मुळं कुरतडणारी ती पांढरी अळी म्हणजे भुंगेऱ्याचं बालपण. तिच्याच कुळात सेरिसिनी नावाचा गट आहे आणि त्यात ‘मालाडेरा’ हे प्रजातींचं भलंमोठं खटलं. यातले बरेचसे भुंगेरे जेमतेम सात-आठ मिलिमीटरचे, तपकिरी, गोलसर. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्यावर येतात. दोन वेगळ्या प्रजातींचे भुंगेरे शेजारी शेजारी ठेवले तर रंगावरून, आकारावरून, पाठीवरच्या रेघांवरून तज्ज्ञालाही छातीठोक सांगता येत नाही. मग पोट उघडावं लागतं.

वाळलेला भुंगेरा आधी कोमट पाण्यात मऊ करायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक चिमट्यानं, पोटाच्या टोकातून नराचं जननांग अलगद ओढून काढायचं. ते दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवलं की स्नायू आणि चरबी विरघळून जाते, कायटिनचा, म्हणजे कवच ज्याचं बनतं त्या द्रव्याचा, कडक भाग तेवढा उरतो. तो ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून फिरवून बघायचा. मधाच्या रंगाची एक वाकडी नळी दिसते आणि तिच्या टोकाला दोन पाती. त्यांना पॅरामिअर म्हणतात. मालाडेरात बहुधा डावं पातं उजव्यासारखं नसतं : एक आखूड, दुसरं लांब, एकाला आकडा, दुसऱ्याला पीळ. अंगानं जुळे वाटणारे दोन भुंगेरे इथं मात्र साफ वेगळे निघतात.

बाकी शरीर तसंच राहिलं आणि हाच अवयव इतका का बदलला? १८४४ मध्ये लिऑन द्यूफूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. प्रत्येक प्रजातीच्या मादीचं कुलूप वेगळं, त्याला त्याच प्रजातीच्या नराची किल्ली लागते, म्हणून संकर होत नाही. कल्पना पटकन पटते. अडचण अशी की पुष्कळ कीटकांत मादीचा तो भाग मऊ असतो, परकी किल्लीही त्यात चालून जाते. १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी वेगळी बाजू लावून धरली. मादी अनेक नरांशी समागम करते, पण कुणाचे शुक्राणू वापरायचे ही निवड नंतर, तिच्या शरीराच्या आत होते. त्या निवडीत जो आकार सरस ठरतो तो पुढच्या पिढीत जातो. आवड बदलली की आकार धावतो, आणि वेगवेगळ्या डोंगरांवर अडकलेल्या समूहांत तो वेगवेगळ्या दिशांना धावतो.

म्हणून द्यूफूर अगदीच चुकला असंही नाही. जपानमध्ये कॅराबस गटाच्या जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांत नराला एक कडक आकडा असतो आणि मादीला तो बसेल असा खिसा. दोन प्रजातींची जोडी जमली तर नराचा आकडा मोडतो, मादीच्या आतलं पटल फाटतं. हे निरीक्षण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. माझं मत विचाराल तर एबरहार्डकडे झुकतं, पण हा आकडा आडवा येतो खरा.

आणखी एक गोष्ट, जरा किचकट आहे. अळीला खायला कमी मिळालं तर भुंगेरा लहान निघतो. पाय, डोकं, पंख सगळंच लहान. जननांग मात्र त्या प्रमाणात लहान होत नाही. पुष्कळ कीटकांत असं आढळतं. आलेखावर एका अक्षावर शरीराची लांबी, दुसऱ्यावर अवयवाची, आणि दोन्हींचे लॉगॅरिदम घेतले तर रेषेचा चढ एकपेक्षा बराच कमी येतो. म्हणजे पोषणाचा गोंधळ या अवयवात कमी उतरतो, आणि दिसणारा फरक प्रजातीचा असण्याची शक्यता वाढते. वर्गीकरणवाल्यांचा याच अवयवावर भरवसा का, याचं हे एक उत्तर.

मग डीएनए कशाला? प्राण्यांच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएवरून प्रजाती ओळखण्यासाठी, सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. मादीला आणि अळीला हा नराचा अवयव नसतो. त्या कुठल्या नराच्या गोतातल्या, हे जुळवायला तो तुकडा फार उपयोगी. नवेपणाचा निकाल मात्र एकट्या बारकोडवर लावू नये.

मध्यंतरी पंचाहत्तर लाखांच्या भुंग्याचे मेसेज फोनवर फिरत होते : घरात ठेवला की रातोरात श्रीमंती. सांबरासारखी शिंगं वाटावीत असे जबडे असलेला तो कीटक. हौशी लोक मोठ्या नरांना चांगले पैसे मोजतात हे खरं, पण त्यापलीकडचं सगळं मांडुळाच्या अफवांच्याच जातीचं. त्या नादानं रानातली कुजकी लाकडं उलथीपालथी करणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. त्यात वाढणाऱ्या अळ्या मात्र मरतात.

नाव देताना एक नमुना होलोटाइप म्हणून निवडतात. पुढं कधी वाद झाला तर नाव त्या एका भुंगेऱ्याला चिकटलेलं असतं. त्याच्या टाचणीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी लागते; ती नसेल तर नमुन्याची किंमत जवळजवळ शून्य. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीचे नमुने नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात. आणि एकदा नियमानुसार दिलेलं नाव नावडतं म्हणून बदलत नाहीत. स्लोव्हेनियाच्या गुहांतला एक आंधळा भुंगेरा १९३० च्या दशकापासून आजही ‘ॲनॉफ्थॅल्मस हिटलरी’च आहे.

नमुना हाती आल्यापासून नाव छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. ग्रेटा थुनबर्गचं नाव मिळालेला, एक मिलिमीटरही न भरणारा ‘नेलॉप्टोडेस ग्रेटी’ १९६० च्या दशकात केनियात गोळा केला होता. नाव मिळालं २०१९ मध्ये.