तिन्ही बस एकदमच का येतात?

मे महिन्यातली दुपार, पारा 44 च्या पुढे, डोक्याला रुमाल आणि नजर रस्त्याच्या टोकाला. खानदेशात बसची वाट पाहणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वीस मिनिटं काहीच येत नाही. मग एक बस दिसते, दारापर्यंत माणसं कोंबलेली. तिच्या पाठीला चिकटून दुसरी, अर्धी रिकामी. आणि तिसरीत कंडक्टर निवांत पैसे मोजत बसलेला. थांब्यावरची एखादी आजी पदर सावरत म्हणते, "येत नई तं एक बी नई, अन् उन्यात तं तिन्ही संगेच!"

तिचा संशय ठरलेला असतो: हे सगळे ड्रायव्हर कुठंतरी टपरीवर एकत्र चहा पीत बसले असणार. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण टपरीवाला निर्दोष आहे. सगळे ड्रायव्हर वेळेवर निघाले, रस्त्यात कोंडी नाही, वेळापत्रक नीट आखलेलं, तरीही बसचे घोळके होतात. 1964 साली गॉर्डन नेवेल आणि रेनफ्री पॉट्स या दोन संशोधकांनी हे गणिताने मांडून दाखवलं. ते गणित आपल्याला नवं नाही. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाचंच आहे.

जळगावचा एक मार्ग घेऊ, कल्पनेतला. बांभोरीच्या विद्यापीठापासून निघायचं, खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक करत अजिंठा चौफुलीला पोचायचं. मधले छोटे थांबे वेगळे. दर 10 मिनिटांनी एक बस. प्रत्येक थांब्यावर मिनिटाला 2 माणसं येऊन उभी राहतात आणि एकाला चढायला 3 सेकंद लागतात. म्हणजे वेळेवर आलेल्या बसला 20 माणसं मिळतात आणि ती थांब्यावर 60 सेकंद थांबते. वेळापत्रकात ही 60 सेकंदं धरलेलीच आहेत.

आता एका बसला लग्नाची वरात आडवी आली. नवरदेव घोड्यावर, बँड रंगात आलेला, 2 मिनिटं गेली. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी 20 नाही, 24 माणसं उभी आहेत. त्यांना चढवण्यात 12 सेकंद जास्त गेले. उशीर 2 मिनिटं 12 सेकंद झाला, म्हणून त्यापुढच्या थांब्यावर आणखी थोडी जास्त गर्दी, म्हणून आणखी थोडा उशीर. दर थांब्याला दहा टक्के व्याज. आठ थांब्यांनंतर 2 मिनिटांची सव्वाचार मिनिटं झालेली असतात, आणि वरात तर केव्हाच मंगल कार्यालयात पोचलेली असते.

मागच्या बसचं नेमकं उलटं होतं. पुढची आत्ताच गर्दी उचलून गेल्यामुळे हिच्या वाट्याला 16 माणसं येतात. ती 12 सेकंद लवकर सुटते, पुढच्या थांब्यावर आणखी कमी माणसं, आणखी लवकर. एक मागे ओढली जाते, दुसरी पुढे ढकलली जाते. आठ थांब्यांनंतर दोघींमधलं 10 मिनिटांचं अंतर अडीच मिनिटांवर येतं आणि आणखी दोन थांब्यांत मागचीचं नाक पुढचीच्या मागच्या काचेला लागतं. तिसरीही हळूहळू याच ओढीत सापडते.

म्हणजे समान अंतराने धावणाऱ्या बस हा उपड्या परातीवर ठेवलेल्या लिंबासारखा प्रकार आहे. नीट ठेवलं तर क्षणभर राहतं, पण जरा धक्का लागला की घरंगळतं आणि आपोआप परत माथ्यावर येत नाही.

यात प्रवाशाचं नुकसान किती, हे मात्र डेपोच्या नोंदवहीत दिसत नाही. समजा बस जोडीजोडीने येऊ लागल्या: 18 मिनिटांचं अंतर, मग 2 मिनिटांचं, पुन्हा 18. तासाला 6 बस, सरासरी अंतर 10 मिनिटं, कागदावर सारं ठीक. पण दर 20 मिनिटांत थांब्यावर येणाऱ्या 40 माणसांपैकी 36 जण त्या लांबलचक 18 मिनिटांत येतात आणि सरासरी 9 मिनिटं उभे राहतात. नशीबवान चौघांना सरासरी 1 मिनिट. हिशेब केला तर सरासरी 8.2 मिनिटं येते. बस समान अंतराने आल्या असत्या तर 5 आली असती. बस तितक्याच, डिझेल तितकंच, ड्रायव्हर तितकेच, आणि थांबण्याचा वेळ दीडपटीहून जास्त. बस कशाही, कोणताच नेम नसल्यासारख्या येऊ लागल्या तर सरासरी थांबणं पुरं 10 मिनिटं होतं. "मी आलो की नेमकी बस येत नाही" ही तक्रार करणारा माणूस रडका नसतो. लांब अंतरात सापडण्याची शक्यता खरोखरच जास्त असते, कारण ते अंतर लांब असतं!

वाहतुकीचं नियोजन करणारे थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या साधारण दोन मिनिटांइतकं जड धरतात. हा आकडा थंड हवेच्या देशांत ठरला असावा अशी मला शंका आहे. आमच्याकडे मे महिन्यात तो कितीला जाईल ते ज्याने त्याने ठरवावं.

शेअर रिक्षाने या कोड्यावर स्वतःचा तोडगा काढलेला आहे. "एक सीट, एक सीट" म्हणत ती भरेपर्यंत हलत नाही. काळी-पिवळीचंही तेच. गर्दीच्या वेळी ती दोन मिनिटांत भरते, दुपारी पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे किती गाड्या सोडायच्या हे मागणीच ठरवते, कुठल्या साहेबाला टेबलाशी बसून आखावं लागत नाही. सुरुवातीच्या थांब्यावर ही पद्धत झकास. गोची मधल्या थांब्यांची होते. तिथं उभ्या असलेल्या बाईसमोरून भरलेल्या रिक्षा एकामागून एक निघून जातात आणि तिची वाट पाहणी कुठल्याच सूत्रात बसत नाही. शिवाय चार-सहा माणसांमागे एक इंजिन आणि एक चालक, हे गणित रस्ता अरुंद झाला की फसतं.

मग बसचं काय करायचं? जुना उपाय म्हणजे ठरावीक थांब्यांवर बस अडवून धरायची. पहिल्यांदा ऐकलं की राग येतो. आधीच उशीर, त्यात आणखी थांबवायची? पण थांबवायची असते ती लवकर आलेली, मागची. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टीन या संशोधकांनी 2012 मध्ये याहून गमतीची रीत मांडली: वेळापत्रक फेकूनच द्या. नियंत्रणाच्या थांब्यावर आलेल्या बसने फक्त एवढंच बघायचं की आपल्या मागची बस किती मिनिटांवर आहे, आणि त्या वेळाचा ठरलेला हिस्सा थांबायचं. मागची लांब असेल तर जास्त, जवळ असेल तर कमी. एवढ्या एका नियमाने अंतरं आपोआप समान होत जातात, म्हणजे परात उपडीची सुलटी होते. अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या आवारातल्या बसवर त्यांनी ते करूनही पाहिलं. हातात मोबाइल आणि बसमध्ये जीपीएस असताना हे काही अवघड राहिलेलं नाही.

दुसरा उपाय त्या दहा टक्के व्याजालाच हात घालतो. व्याजाचा दर कुठून आला? मिनिटाला 2 माणसं गुणिले माणशी 3 सेकंद. माणसं कमी करता येत नाहीत, पण सेकंद करता येतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने 1974 पासून बससाठी वेगळी मार्गिका ठेवली आणि पुढे काचेच्या नळकांड्यासारखे थांबे बांधले. तिकीट आधीच काढायचं, थांब्याची फरशी बसच्या तळाच्या पातळीत, आणि पाच दारं एकदम उघडतात. पायऱ्या चढणं नाही, एका दारातली रेटारेटी नाही. तीन जोडभागांच्या त्या बसमध्ये अडीचशेवर माणसं मावतात. आपल्याकडच्या उंच पायऱ्यांच्या एका दाराच्या बसमध्ये पिशव्या, पोर आणि म्हातारी सासू घेऊन चढणाऱ्या बाईला 3 सेकंद पुरत नाहीत, हे मी उदाहरणात मुद्दाम विसरलो होतो.

बसऐवजी रूळ आणले तर घोळके टळतील का? आता लाइट रेल. रस्त्याच्या कडेने किंवा मधून, वरच्या विजेच्या तारेवर चालणारी ही दोन-तीन डब्यांची गाडी म्हणजे ट्रामचीच नवी आवृत्ती. मुंबईत ट्राम 1874 पासून 1964 पर्यंत होती, आधी घोड्यांची, 1907 पासून विजेची. लाइट म्हणजे वजनाने हलकी असं नाही. मोठ्या रेल्वेपेक्षा कमी माणसं नेणारी, कमी बांधकाम लागणारी, एवढाच अर्थ. तिचं वैज्ञानिक बळ पोलादावर पोलाद फिरण्यात आहे. चाक रुळाला टेकतं ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. टायरसारखं ते दबत नाही, म्हणून ऊर्जा वाया जात नाही. एक टन वजन सपाटीवर फिरतं ठेवायला बसच्या टायरला साधारण 6 ते 10 किलोचा जोर लागतो, रुळावर 1 ते 2 किलोचा.

जी गोष्ट सहज घरंगळते ती सहज थांबतही नाही. झाडाची पानं रुळावर चिरडली गेली की पकड एकदम कमी होते. जपानी संशोधकांनी केळीच्या सालीवरून पाय किती घसरतो ते मोजलं होतं (2014 सालचं इग नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं). घर्षणाचा आकडा निघाला सुमारे 0.07. पानांचा लगदा बसलेला रूळ तेवढाच किंवा त्याहून निसरडा होऊ शकतो. केळीच्या बागांतल्या रावेर-यावलच्या माणसाला यापेक्षा सोपं समजावता येणार नाही. म्हणून ट्राममध्ये चाकापुढे वाळू सोडायची सोय असते. साधी कोरडी वाळू.

पण लाइट रेलच्या गाड्या बसइतका घोळका का करत नाहीत, याचं श्रेय पोलादाला नाही. ते रुंद दारांना, समपातळीच्या फलाटाला आणि मोकळ्या मार्गिकेला आहे, आणि हे तिन्ही बसलाही देता येतं. नवी गाडी मागताना आपण रूळ मागतो, दारं मागत नाही, हे माझं दुखणं.

रूळ कधी परवडतात याचा अंदाज साध्या भागाकाराने येतो. केंद्र सरकारच्या आखणीत रुळांवरची हलकी मेट्रो, म्हणजे मेट्रोलाइट, ही गर्दीच्या तासाला एका दिशेने 15,000 पर्यंत प्रवाशांसाठी आहे, आणि टायरवर चालणारी मेट्रो निओ 8,000 पर्यंत. आता 70 जणांची बस दर 5 मिनिटांनी सोडली तर तासाला 840 माणसं जातात. आठ हजार न्यायची तर दर 31 सेकंदांनी बस हवी. 2011 च्या जनगणनेत जळगाव 4 लाख 60 हजारांचं आणि धुळं पावणेचार लाखांचं शहर होतं. वाढ धरली तरी एका रस्त्यावर एका दिशेने तासाला आठ हजार माणसं जमवणं अवघडच. दर 5 मिनिटांनी, समान अंतराने येणारी, दोन रुंद दारांची, बुटकी बस मिळाली तर आम्हाला पुष्कळ झालं.

तसं पाहिलं तर हलकी रेल्वे खानदेशाने केव्हाच अनुभवली आहे. पाचोरा ते जामनेर 56 किलोमीटर, रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, शेंदुर्णी-पहूर करत जाणारी आमची पीजे. कमी खर्चात, कमी गर्दीच्या मुलखात गाडी न्यायची म्हणून त्या काळी अशा अरुंद मार्गांना लाइट रेल्वेच म्हणत. सोलापूरकडची बार्शी लाइट तर नावानेच तशी. 2020 मध्ये पीजे थांबली आणि रुंद रुळांचं काम पुढे आलं. ती फार सावकाश जायची, पण दोन पीजे एकामागोमाग आल्या असं कोणी ऐकलं नाही. त्या एकेरी मार्गावर तेवढ्या गाड्याच नव्हत्या.

तशी बुटकी, रुंद दारांची बस मिळेपर्यंत थांब्यावर एकच शहाणपणा हाताशी आहे. लांबून दोन बस जोडीने दिसल्या तर पहिलीला झोंबू नये. मागची मिनिटभरात येणारच असते, तिच्यात जागा असते, आणि पुढची प्रत्येक थांब्यावर गर्दी उचलत असताना ही बहुतेक वेळा तिला ओलांडून पुढे निघते. एकदा ती पुढे गेली की मग पुढच्या थांब्यावरची गर्दी तिच्यात शिरते, पण तोवर आपल्याला खिडकी मिळालेली असते.