लाइम रोगजंतूंची सुप्त रूपे व रोगप्रतिकार

लाइम रोग बोरेलिया बर्गडॉर्फेरी या मळसूत्री जंतूमुळे होतो आणि गोचिडीच्या चाव्यातून माणसाला जडतो. (सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडीचाच, पण तो विषाणूजन्य.) अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या लाइम गावात १९७५ च्या सुमारास मुलांमध्ये संधिवाताचे रुग्ण एकदम वाढले, त्यावरून हे नाव पडले. विली बर्गडॉर्फर यांनी १९८२ मध्ये जंतू ओळखला.

उपासमार झाली किंवा प्रतिजैविकाचा मारा झाला की हा जंतू रूप पालटतो. बाहेरचे आवरण फुग्यासारखे सैल सुटते आणि आतला लांबट देह त्यात गुंडाळला जातो. या गोल रूपाचा व्यास जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटर असतो. खाद्य मिळाले की तो पुन्हा मळसूत्री होतो, हे नॉर्वेतील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रयोगनळीत दाखवले. आकार न बदलता केवळ चयापचय मंदावून औषधातून तगणारे जंतू वेगळे. लोकप्रिय लिखाणात दोन्हींना ‘सुप्त’ म्हणून त्यांची सर्रास गल्लत होते.

‘सुप्त’ या शब्दाने एक गैरसमज होतो, की झोपलेला जंतू शरीराला दिसतच नाही. प्रयोग तसे सांगत नाहीत. फिनलंडमधील एका गटाने २०१६ मध्ये मानवी महाभक्षक पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींना, मळसूत्री व गोल अशी दोन्ही रूपे खाऊ घातली. पेशींनी दोन्ही गिळली, पण गोल रूपे लायसोसोमपर्यंत, म्हणजे पेशीच्या पचनकोठीपर्यंत, कमी पोचली. पेशींनी सोडलेल्या सायटोकाइनांचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला इशारा देणाऱ्या रसायनांचा, साचाही निराळा होता. रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे तर गोल रूपांच्या प्रथिनांना अधिक जोराने चिकटली. हे सारे काचेच्या बशीतले. रुग्णाच्या शरीरात गोल रूपे आजार कितपत लांबवतात, हे त्यातून ठरत नाही.

मुळात न झोपलेला, जागा असलेला जंतूही प्रतिकारयंत्रणेला चकवतोच. व्हीएलएसई हे पृष्ठभागावरचे प्रथिन तो सतत बदलत राहतो, त्यामुळे जुनी प्रतिपिंडे निकामी ठरतात. उंदरांत तो लसिकाग्रंथींची रचना विस्कटतो आणि टिकाऊ प्रतिपिंडे घडवणारी जननकेंद्रे अल्पायुषी ठरतात. एवढी सोय असताना सुप्तावस्थेची गरज किती, असा प्रश्न पडतो.

उंदीर, कुत्रे व माकडे यांच्यात प्रतिजैविकांनंतरही जंतूंचे अवशेष सापडले आहेत. माणसात मात्र लांबवलेल्या उपचारांचा ठोस फायदा दिसलेला नाही. २००१ मधील अमेरिकेतील आणि २०१६ मधील नेदरलँड्समधील चाचण्यांत जास्त काळ प्रतिजैविके घेणाऱ्यांची प्रकृती इतरांपेक्षा सुधारली नाही. झोपलेले जंतू हेच दुखण्याचे मूळ मानणाऱ्यांना ही अडचण टाळता येत नाही.

रेंगाळणाऱ्या सांधेदुखीचा २०१९ मध्ये पुढे आलेला खुलासा मला अधिक पटतो. या जंतूच्या भित्तिकेला बळकटी देणारे पेप्टिडोग्लायकन हे द्रव्य वाढीच्या वेळी झडते. ते परत वापरण्याची सोय जंतूकडे नाही. उपचारांनंतर कित्येक महिन्यांनीही काही रुग्णांच्या सांध्यातील द्रवात हे तुकडे मिळाले, आणि उंदरांना टोचल्यावर त्यांनी सांध्यांत दाह निर्माण केला.