कृषक दिन (1 एप्रिल 1957)

कुळवहिवाट कायद्यानुसार कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने (भाड्याने) कसणारा शेतकरी, ज्या दिवशी त्या जमिनीचा मालक मानला गेला, तो दिवस. जुन्या मुंबई राज्यातील जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोकण, पश्चिम महाराष्ट्र, नाशिक आणि खानदेशात, ही तारीख 1 एप्रिल 1957 होती. 31 मार्चच्या संध्याकाळपर्यंत जो दुसऱ्याच्या रानाचा खंड भरत होता, तो दुसऱ्या दिवशी कायद्याच्या नजरेत त्या रानाचा खरेदीदार झाला. खरेदीखत नाही, साक्षीदार नाहीत. महसुली भाषेत याला ‘मानीव खरेदी’ म्हणतात. कायदा कधी मंजूर झाला, कधी लागू झाला आणि जमीन प्रत्यक्ष कधी नावावर चढली, या तिन्ही तारखांत किती अंतर पडू शकते हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी कूळ कायद्याचा इतिहास जरूर पाहावा.

या कायद्याची मुळे कोकणातल्या खोतीत, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या वतनदारीत, आहेत. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई आणि कुळाचा हक्क सिद्ध करणारा कागद बहुधा कुठेच नसे. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये संप पुकारला आणि सुमारे 6 वर्षे शेते पडीक ठेवली. पोट शेतीवर असताना शेत न पेरणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यानंतर 1939 चा पहिला कूळ कायदा आला आणि त्यात ‘संरक्षित कूळ’ हा शब्द प्रथम रुजला.

स्वातंत्र्यानंतर त्याची जागा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 ने घेतली. तो 28 डिसेंबर 1948 पासून अमलात आला. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांची यादी, निर्माण झाली, तेव्हा तीत बिहारच्या जमीन सुधारणा कायद्यानंतर दुसऱ्याच क्रमांकावर हा कायदा नोंदवला गेला. मात्र 1948 च्या कायद्याने कुळाला मुख्यतः संरक्षण दिले होते, सरसकट मालकी दिली नव्हती. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कायद्यात खऱ्या अर्थाने उतरले ते 1956 च्या 13 व्या अधिनियमाने. 1 ऑगस्ट 1956 पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीमागे तेव्हाचे महसूलमंत्री भाऊसाहेब हिरे यांचा आग्रह होता. जमीनमालकांनी तिला आव्हान दिले, पण सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

1948 आणि 1957 या दोन सालांच्या मधला काळ कुळांना फार महागात पडला. कायदा येऊ घातला आहे हे मालकाला कुळाच्या आधी कळत होते. कुळाकडून ‘स्वखुशीचा’ राजीनामा लिहून घ्यायचा आणि जमीन ताब्यात घ्यायची, असे ठिकठिकाणी झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दांडेकर व खुदानपूर यांनी केलेल्या पाहणीत हे चित्र स्पष्ट दिसले. ज्याचे घर त्याच रानावर चालत होते, त्याने आपण होऊन रान सोडले असे मानणे अवघड आहे. स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची मुभाही मालकाला होती. त्यासाठी 31 डिसेंबर 1956 पर्यंत नोटीस आणि 31 मार्च 1957 पर्यंत अर्ज करायचा होता. म्हणजे कृषक दिनाच्या आदल्या दिवसापर्यंत कुळाचा जीव टांगणीला होता.

जमीन फुकट मिळाली, हा समज चुकीचा आहे. कायम कुळांना खंडाच्या 6 पट रक्कम द्यायची होती. इतरांसाठी किंमत आकाराच्या (जमिनीवरील सरकारी शेतसाऱ्याच्या) 20 ते 200 पट या मर्यादेत ठरे, शिवाय विहीर, बांधकामे व झाडांचे मूल्य वेगळे. एखाद्या तुकड्याचा आकार 5 रुपये असेल, तर जमिनीची किंमत 100 ते 1,000 रुपयांच्या दरम्यान. ती एकरकमी किंवा जास्तीत जास्त 12 वार्षिक हप्त्यांत भरता येई.

ही किंमत ठरवण्याची चौकशी म्हणजेच या कायद्याचे प्रसिद्ध कलम ‘32ग’. तहसीलदार शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसत. नोटीस निघे, कूळ आणि मालक समोरासमोर उभे राहत आणि कुळाला विचारले जाई: जमीन विकत घ्यायला तयार आहेस का? ‘तयार नाही’ असा जबाब नोंदला गेला, किंवा कूळ हजरच झाले नाही, तर खरेदी निष्फळ ठरे आणि 32प प्रमाणे जमिनीची विल्हेवाट लागे. आता त्या कचेरीतला माणूस डोळ्यांसमोर आणावा. अंगठेबहाद्दर, पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या ओसरीखाली उभा राहिला तो मालक शेजारी, त्याचेच धान्य उसने आणलेले, आणि हप्त्यांच्या आकड्याची धास्ती. अशा माणसाच्या एका शब्दावर सगळा हक्क अवलंबून ठेवणे हा या कायद्याचा सर्वांत मोठा दोष होता. जे ‘तयार आहे’ म्हणाले आणि ज्यांनी रक्कम भरली, त्यांना 32म चे खरेदी प्रमाणपत्र मिळाले. मालकीचा तो निर्णायक पुरावा असल्यामुळे अनेक घरांत तो कागद आजही ट्रंकेत जपून ठेवलेला असतो.

मालक अल्पवयीन, विधवा किंवा अपंग असेल, तर 32फ प्रमाणे कुळाची खरेदी पुढे ढकलली जाई. हेतू दयेचा होता. पण अडचण दूर झाल्यावर कुळाने ठरावीक मुदतीत खरेदीची इच्छा कळवणे बंधनकारक होते. मालकाचा मुलगा सज्ञान कधी झाला, हे शेतावरच्या माणसाला कसे कळणार? 1969 च्या दुरुस्तीने यात काही सुधारणा झाली, पण विधवा मालकिणीच्या पश्चात तिच्या वारसांनी कुळाला कळवायचे की नाही, हा प्रश्न उरलाच. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 3 न्यायाधीशांच्या पीठाने तशी सूचना देणे वारसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा दिला. कृषक दिनानंतर 62 वर्षांनी.

मराठी मुलखाला एकच कृषक दिन लाभला नाही. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कायदा झाला. त्यात मालकी हस्तांतराच्या तारखा 1 एप्रिल 1961 आणि 1 एप्रिल 1963 अशा होत्या. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कायदा चालू राहिला. गोव्यात 1964 च्या कायद्याला झालेल्या पाचव्या दुरुस्तीने 20 एप्रिल 1976 पासून कुळे मालक मानली गेली.

सातबारा हातात घेतला की हा सगळा इतिहास ‘इतर हक्क’ या रकान्यात सापडतो: ‘साधे कूळ’, ‘संरक्षित कूळ’, ‘कलम 43 च्या बंधनास पात्र’. कलम 43 मुळे अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नसे. 2014 च्या दुरुस्तीने, खरेदी प्रमाणपत्राला 10 वर्षे झाली असतील तर आकाराच्या 40 पट रक्कम सरकारजमा करून ही परवानगी टाळता येते. मात्र जिथे 32ग ची चौकशी झालीच नाही किंवा 32म चा कागद काढायचा राहून गेला, तिथे कुळाचे नाव अजूनही इतर हक्कातच अडकलेले आहे आणि मूळ मालकाच्या वारसांची नावे फेरफाराने वर चढत राहतात. अशा घरातल्या नातवंडांना तहसील कचेरीत आजही 1 एप्रिल 1957 या तारखेपासूनच बोलायला सुरुवात करावी लागते.