बॉल जॉइंट व बूट बदलणे (जुन्या मोटारी)

पुढच्या चाकाचा नकल (चाक ज्यावर बसते आणि ज्याच्यासह वळते तो भाग) आणि सस्पेन्शनचा आर्म यांना जोडणाऱ्या गोळीच्या सांध्याला बॉल जॉइंट म्हणतात. पोलादी गोळी वाटीत फिरते आणि तिचा निमुळता दांडा नकलच्या तशाच निमुळत्या भोकात रुतून बसतो. गोळीभोवतीचे ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवणारे रबरी आवरण म्हणजे बूट. जॉइंट झिजला असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आधी बूट फाटलेला असतो आणि जॉइंट त्याच्यामागून जातो.

नागपुरात बुटाचे आयुष्य कमी भरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, रबर कडक होते आणि घडीच्या तळाशी केसासारख्या भेगा पडतात. पावसाळ्यात काटोल-नरखेडकडच्या पांदण रस्त्यांवरची काळी माती त्याच घड्यांत भरते, वाळून खड्यासारखी होते आणि स्टिअरिंग फिरवले की भेग उसवते. उन्हाने ग्रीस वितळून जॉइंट कोरडा पडतो, ही गॅरेजमधली समजूत मात्र चुकीची आहे. साधे लिथियम ग्रीससुद्धा १८० अंशांच्या आसपास पातळ होते. ग्रीस जाते ते फाटक्या बुटातून.

सगळ्याच जुन्या गाड्यांची रचना सारखी नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाला (१९८४ पासून) पुढे डबल विशबोन (वर एक, खाली एक असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या आर्मऐवजी स्प्रिंग आणि शॉक-अब्सॉर्बरचा उभा खांब) आहे, त्यामुळे फक्त खालचा जॉइंट असतो आणि तो खराब झाला की अख्खा आर्मच बदलतात. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डला वर बॉल जॉइंट आणि खाली पितळी ट्रनियन (आट्यांवर फिरणारा सांधा) असतो. ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, ९० नंबरचे गिअर ऑइलच भरायचे. घट्ट ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आतला पोलादी दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी वळणावर तुटून चाक आडवे पडते.

तपासताना जॉइंटवरचा भार काढावा लागतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक त्या आर्मखाली, जॉइंटच्या जितक्या जवळ लावता येईल तितका लावायचा. स्ट्रटच्या गाडीत जॅक चेसिसखाली लावून चाक लोंबते ठेवायचे. मग टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलून पाहावे. वर-खाली टकटक जाणवली तर जॉइंट गेला. टायर वर आणि खाली धरून हलवताना प्ले (ढिलाई) आला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर जॉइंटचा. डावी-उजवीकडचा प्ले बहुधा टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा) असतो. या भेदात चूक होते आणि चांगला जॉइंट फुकट बदलला जातो.

सोडवताना गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) घ्यावी, नुसत्या जॅकवर काम करू नये. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडती पिन) काढून कॅसल नट (खाचांचा नट) सैल करावा, पण दोन-तीन आटे तसेच राहू द्यावेत. दांडा सुटतो तेव्हा आर्म उसळतो, त्याला हा नट अडवतो. कॉइल स्प्रिंगवाल्या गाडीत खालच्या आर्मला जॅकचा आधार असल्याशिवाय हा नट पूर्ण काढणे म्हणजे जिवाशी खेळ. निमुळता सांधा पुलरने (स्क्रूच्या दाबाने सोडवणाऱ्या अवजाराने) सोडवावा, किंवा नकलच्या डोळ्यावर (भोकाभोवतीच्या जाड भागावर) दोन बाजूंनी एकाच क्षणी हातोडे मारावेत. दुशाखी फोर्कने काम लवकर होते, पण बूट फाटतो, म्हणून जॉइंट फेकायचाच असेल तरच तो घालावा. दांड्याच्या आट्यांवर कधीही हातोडा मारू नये.

जॉइंट आर्मला बोल्टने, रिव्हेटने किंवा प्रेसने बसवलेला असतो. रिव्हेटचे डोके ग्राइंडरने उडवून नव्या जॉइंटला उच्च ताणाचे बोल्ट लावतात. प्रेसचा जॉइंट दाबताना जोर कडेच्या पट्टीवर यावा, तळाच्या टोपीवर नाही. नवा जॉइंट हाताने आत गेला तर आर्मचे भोक मोठे झाले आहे आणि आर्मच बदलायला हवा. असा सैल जॉइंट वेल्डिंगचे टाके मारून बसवण्याचा जुगाड सर्रास चालतो, पण त्या उष्णतेने आतली प्लास्टिकची वाटी आणि ग्रीस जळते आणि जॉइंट नवा असतानाच मेलेला असतो.

दुकानातून आणलेल्या जॉइंटचा दांडा आधी नकलमध्ये हाताने बसवून पाहावा. उतार १:८ किंवा १:१० असे वेगवेगळे असतात. चुकीचा दांडा भोकात डुलतो, पण नट आवळला की ते लपते. दोन्ही निमुळते भाग पुसून कोरडे ठेवावेत, तिथे तेल-ग्रीस नको. नट आवळताना दांडा फिरू लागला तर आर्म जॅकने वर दाबावा. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरवून दिलेल्या जोराला) आवळल्यावर पिनचे भोक जुळले नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आवळावे, मागे सोडू नये. पिन दर वेळी नवीन.

जॉइंटमध्ये प्ले नसेल आणि ग्रीसमध्ये माती-पाणी शिरले नसेल, तर फक्त बूट बदलून भागते. बूट घेताना बोटाने दुमडून पाहावा. वर्षानुवर्षे दुकानात पडलेल्या जुन्या मालाला तिथेच भेगा दिसतात. ग्रीस बुटात अर्ध्यापेक्षा थोडे जास्त पुरते, ठासून भरले तर पहिल्याच खड्ड्यात बूट फुटतो. ग्रीस भरायचे निपल असेल तर बूट जरासा फुगेपर्यंतच पंप मारावा.

आर्मच्या रबरी बुशांचे (आर्म गाडीला जोडतो तिथल्या रबरी कड्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करावे आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.