गर्भपिशवीचं तोंड मोजायला येताय? आधी हे वाचा

आठवड्यातून एकदा तरी एखादी ताई अशी येते की विरार नाहीतर डोंबिवलीहून लोकलने आलेली, हातात पाण्याची रिकामी बाटली, लघवी तुंबवून जीव मेटाकुटीला आलेला, आणि आम्ही म्हणतो आधी बाथरूमला जाऊन या. राग येणारच. पोटावरच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन या सांगतात ते खरंय, पण ही तोंडाची लांबी मोजायची सोनोग्राफी आतून म्हणजे योनीमार्गातून होते, आणि लघवीची पिशवी भरलेली असली की गर्भपिशवीचं तोंड दाबलं जाऊन आहे त्यापेक्षा लांब दिसतं, म्हणजे जे बघायला आलात तेच लपतं.

ही तपासणी मुख्यतः ज्यांचं बाळ आधी चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलंय त्यांच्यासाठी, तेही फारशा कळा न येता, नुसतं कंबर भरून आली, खाली जड वाटलं, पाण्यासारखं गेलं आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत तोंड उघडलेलं. बादली उचलली, जिने चढली, डोहाळजेवणाआधीच सगळ्यांना सांगितलं, असलं काहीबाही घरचे बोलतात, त्यात काही तथ्य नाही. तोंड मुळात कमजोर असू शकतं, आधीच्या बाळंतपणात फाटलेलं असू शकतं, तोंडावर ऑपरेशन झालेलं असू शकतं, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. दिवस राहायच्या आधी हे नक्की सांगणारी टेस्ट नाही, म्हणून गरोदरपणातच लक्ष ठेवावं लागतं. (पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भाची कारणं वेगळी, त्याला तोंड बंद राहावं म्हणून घालतात तो टाका उपयोगाचा नाही.)

साधारण १६ ते २४ आठवड्यांत दर दोन आठवड्यांनी मोजतात, डॉक्टर कधी लवकरही बोलावतात. आत ठेवायच्या प्रोबवर (सोनोग्राफीच्या दांडीवर) प्रत्येक वेळी नवीन कव्हर, बाळाला धक्का लागत नाही. आम्ही तीनदा मोजतो आणि सगळ्यात कमी भरलेला आकडा लिहितो, म्हणून वेळ लागला तर घाबरू नका. या दिवसांत तोंड साडेतीन-चार सेंटिमीटर असतं, आधी बाळ गेलेल्या बाईचं २५ मिमीच्या खाली, म्हणजे बोटाच्या एका पेराइतकंच उरलं, की डॉक्टर टाक्याचा विचार करतात. दोन-तीनदा असंच झालं असेल तर मोजत न बसता १२ ते १४ आठवड्यांतच टाका घालतात. हा टाका आपल्या मुंबईच्याच डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ साली जगापुढे आणला, तेव्हा ते मांडीतली पट्टी काढून वापरायचे, आणि आजही जगभर तो शिरोडकर टाका म्हणूनच ओळखतात. दुसरा, सोपा मॅकडोनाल्ड टाका १९५७ चा. सगळं नीट असलं तर ३६-३७ आठवड्यांना काढतात. खालून, म्हणजे योनीमार्गातून घातलेला टाका आधी फेल गेला असेल तर पोटातून घालतात, मग बाळंतपण सिझेरियननेच. काहींना टाक्याऐवजी रात्री योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, कोणाला काय ते तुमचे डॉक्टर ठरवतील, आम्ही नाही, आणि रिपोर्ट बघून शेजारणीने तर अजिबातच नाही.

पलंगाच्या पायथ्याला विटा लावून महिनोन्‌महिने झोपवणं अजून बऱ्याच घरांत चालतं. नुसतं पडून राहिल्याने बाळ टिकतं हे सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. किती हालचाल करायची ते डॉक्टरांना सरळ विचारा.

येताना आधीच्या वेळचे सगळे कागद आणा, डिस्चार्ज कार्ड चुरगळलेलं असलं तरी चालेल, बाळ किती आठवड्यांचं असताना गेलं हे त्यावरच कळतं. ओळखपत्र लागेल कारण गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ म्हणजे कायद्याने लागणारा नोंदीचा फॉर्म भरावा लागतो, आणि मुलगा की मुलगी ते विचारू नका, सांगणं गुन्हा आहे.

पाणी जायला लागलं, रक्त दिसलं, ताप आला, थांबून थांबून कळा यायला लागल्या तर टाका असो नसो, आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, नाव घातलंय त्या हॉस्पिटलात थेट जा. टाका असेल तर दारातच सांगा, वेळेवर काढला नाही तर तोंड फाटू शकतं.